एकच घर, तीन विद्यापीठं: आमच्या बेळगावकडं विद्यापीठ कायद्यानं कसं होतं

खानापूर तालुक्यातल्या नंदगडच्या एका मुलानं विचारलंय, की आजोबांच्या डिग्रीवर मुंबई विद्यापीठ आहे, बाबांच्या डिग्रीवर कर्नाटक विद्यापीठ धारवाड, आणि माझ्या 2014 च्या डिग्रीवर राणी चन्नम्मा विद्यापीठ. घर तेच, गाव तेच, आजोबा आणि बाबा तर एकाच कॉलेजात शिकले, मग विद्यापीठ बदललं कुणी? मुख्यमंत्र्यांनी घोषणा केली की विद्यापीठ झालं का? आणि सीमाभागातल्या आमच्या कॉलेजांना कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाला जोडून का घेता येत नाही?

प्रश्न फार चांगला आहे आणि त्याचं उत्तर लोकांना खरंच माहीत नसतं, शिकलेल्यांनासुद्धा. मी एका सरकारी विद्यापीठाच्या ऑफिसात 31 वर्षं काढली, त्यातली बहुतेक अफिलिएशन (म्हणजे कॉलेजं विद्यापीठाला जोडून घेणं) आणि कायद्याच्या टेबलावर, आता रिटायर आहे. म्हणून जरा सविस्तर लिहितो, सवडीनं वाच.

आधी सगळ्यात महत्त्वाचं. सरकारी विद्यापीठ म्हणजे इमारत नाही, कुलगुरूंची गाडी नाही, बजेट भाषणातली ओळही नाही. कायद्यात एक वाक्य असतं, की अमुक नावाचं विद्यापीठ स्थापन होईल, ते निगम निकाय असेल, त्याला अखंड परंपरा आणि स्वतःचा शिक्का असेल, त्याला दावा लावता येईल आणि त्याच्यावरही दावा लावता येईल. बस्स, हे वाक्य लागू झालं की विद्यापीठ नावाची एक कायदेशीर 'व्यक्ती' उभी राहते. त्या दिवशी तिच्याकडं एक खुर्ची नसली तरी चालतं, आणि हे वाक्य नसेल तर शंभर एकराचा कॅम्पस असून उपयोग नाही, कारण डिग्री द्यायचा अधिकारच नाही. यूजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, 1956 च्या कायद्यात कलम 22 आहे, त्यात स्पष्ट आहे की डिग्री फक्त केंद्राच्या किंवा राज्याच्या कायद्यानं झालेलं विद्यापीठ देऊ शकतं, किंवा अभिमत संस्था (जिला केंद्रानं विद्यापीठासारखा दर्जा दिलाय), किंवा संसदेनं खास अधिकार दिलेली संस्था. कलम 23 तर म्हणतं की असा कायदा पाठीशी नसलेल्या संस्थेनं नावात युनिव्हर्सिटी शब्दच लावायचा नाही.

हे मी कोरडं म्हणून सांगत नाहीये. एकदा तालुक्यातून एक बाई आल्या होत्या मुलीचं सर्टिफिकेट घेऊन, पोरीनं तीन वर्षं कुठल्याशा संस्थेत शिकून 'डिग्री' मिळवलेली, त्यासाठी यांनी पाटल्या मोडलेल्या. कागद चकचकीत, सोनेरी शिक्का, नावात विद्यापीठ. मी एवढंच बघितलं की खाली कुठल्या कायद्याचं नाव आहे का. नव्हतं. त्या बाईंना ते सांगताना जीभ उचलत नव्हती माझी. तेव्हापासून जो भेटेल त्याला सांगतो, ॲडमिशनच्या आधी विचारा, तुमचं विद्यापीठ कुठल्या कायद्यानं झालंय आणि यूजीसीच्या कलम 2 (एफ) च्या यादीत आहे का.

आता हा कायदा करायचा कुणी? घटनेच्या सातव्या अनुसूचीत राज्यसूचीची 32 वी नोंद आहे, त्यात कंपन्या-महामंडळं स्थापन करणं, चालवणं, गुंडाळणं याबरोबर विद्यापीठं हा शब्द आहे. केंद्राच्या सूचीत 44 व्या नोंदीत अनेक राज्यांत पसरलेल्या महामंडळांचा अधिकार दिलाय पण तिथं 'विद्यापीठं सोडून' असं मुद्दाम लिहिलंय. 1976 च्या 42 व्या घटनादुरुस्तीत शिक्षण समवर्ती सूचीत गेलं, म्हणून बरेच लोक समजतात की आता सगळं दिल्लीकडं, पण विद्यापीठ स्थापन करायचा अधिकार राज्याच्या विधिमंडळाकडंच राहिला. दर्जा आणि समन्वय मात्र केंद्राचा, नोंद 66. राज्य जन्म देतं, केंद्र मोजमाप करतं, आणि भांडणं बहुतेक या दोघांच्या मधल्या जागेत होतात.

बेळगावात राहणाऱ्याला हे समजायला पुस्तक नको, गावातच तीन नमुने आहेत. मच्छेला व्हीटीयू आहे, म्हणजे विश्वेश्वरय्या तांत्रिक विद्यापीठ, तिचा स्वतःचा वेगळा कायदा आहे, 1994 चा. केएलईची अकॅडमी आहे, ती 2006 पासून अभिमत, म्हणजे तिच्यासाठी विधानसौधात, कर्नाटकच्या विधिमंडळात, कुठलंही बिल आलं नाही, यूजीसी कायद्याच्या कलम 3 खाली केंद्राच्या नोटिफिकेशननं ती झाली. आणि भुतरामनहट्टीला हायवेलगत आपलं राणी चन्नम्मा, ते तिसऱ्याच वाटेनं आलं. कर्नाटकात सर्वसाधारण विद्यापीठांसाठी एकच सामायिक कायदा आहे, कर्नाटक स्टेट युनिव्हर्सिटीज ॲक्ट 2000, त्यात दुरुस्ती करून 2010 मध्ये हे नाव आणि त्याचे जिल्हे घातले गेले. म्हणजे नवीन जाडजूड कायदा नाही, जुन्या कायद्यात काही ओळी, आणि त्या ओळींनी बेळगाव, विजापूर, बागलकोट हे तीन जिल्हे धारवाडच्या हातातून काढून नव्या विद्यापीठाला दिले. तिथं आधी कित्तूर राणी चन्नम्मा पीजी सेंटर होतं, 1982 पासूनचं, धारवाडचंच. वर्ग तेच, मास्तर बरेचसे तेच, झाडंही तीच, पण आदल्या दिवसापर्यंत ती एका विद्यापीठाची शाखा होती आणि नंतर स्वतंत्र व्यक्ती झाली.

आता तुझ्या घरातल्या तीन डिग्र्या. मुंबई विद्यापीठ 1857 च्या कायद्याचं, तेव्हा आपण मुंबई इलाख्यातच होतो, त्यामुळं 1933 ला निघालेलं लिंगराज कॉलेज असो की 1945 चं आरपीडी, सुरुवातीला मुंबईलाच जोडलेली होती. आजोबा तिथली परीक्षा देऊन पास झाले. मग स्वातंत्र्यानंतर मुंबईच्या विधिमंडळानं पटापट कायदे केले, पुणे विद्यापीठाचा 1948 चा, कर्नाटक विद्यापीठाचा 1949 चा, गुजरात विद्यापीठाचाही 1949 चाच. एकाच सभागृहानं मराठी, कन्नड, गुजराती अशा तीन मुलखांसाठी विद्यापीठं दिली, हे मला नेहमी विशेष वाटत आलंय, कारण त्यानंतर दहा-अकरा वर्षांत ते राज्यच त्या तीन भाषांत वाटलं गेलं. कर्नाटक विद्यापीठाचं ऑफिस तर सुरुवातीला मुंबईतच होतं, 1950 मध्ये धारवाडला आलं. आणि नाव बघ, कर्नाटक. राज्याला कर्नाटक हे नाव मिळालं 1973 च्या 1 नोव्हेंबरला, विद्यापीठाला त्याच्या 24 वर्षं आधी मिळालेलं होतं. 1956 ला बेळगाव म्हैसूर राज्यात गेलं तेव्हा आपल्या कॉलेजांना विद्यापीठ बदलावं लागलं नाही, कारण ती आधीच धारवाडला होती. बाबांची डिग्री तिथून आली. पुढं 1980 ला गुलबर्गा विद्यापीठ धारवाडमधून वेगळं काढलं, 2010 ला आपण वेगळे झालो, आणि मग 2022-23 मध्ये सात नवीन विद्यापीठं काढली त्यात बागलकोट आमच्यातूनही वेगळं झालं. प्रत्येक वेळी माणूस जागेवरच, कायद्यातली जिल्ह्यांची यादी तेवढी हलली.

घोषणेचं विचारलंस. घोषणेनं काहीच होत नाही. बिल येतं, त्याला उद्दिष्टं आणि कारणं सांगणारं एक पान जोडलेलं असतं आणि खर्चाचं टिपण असतं, विधानसभा आणि विधानपरिषद दोन्हीकडं पास व्हावं लागतं, राज्यपालांची संमती, मग गॅझेट. आणि इथंच लोक फसतात, गॅझेटात आलं म्हणजे सुरू झालं असंही नाही, कारण पहिल्याच कलमात बऱ्याचदा लिहिलेलं असतं की सरकार नोटिफिकेशननं ठरवेल त्या तारखेपासून हा कायदा लागू. व्हीटीयूचा कायदा 1994 चा आणि विद्यापीठ सुरू झालं 1 एप्रिल 1998 ला. पुण्याचाही कायदा 1948 चा आणि विद्यापीठ 1949 चं. त्यामुळं कुणी 'बिल पास झालं' म्हणून पेढे वाटले तरी मी विचारतो, कमेन्समेंटची, म्हणजे लागू व्हायची, तारीख कुठंय.

एक गोष्ट मात्र मी इतकी वर्षं ठासून सांगायचो ती आता जरा जपून सांगतो. कायद्याशिवाय विद्यापीठ नाही हे डिग्रीच्या बाबतीत खरं, पण स्थापना केली कुणी हा प्रश्न वेगळा आहे. महर्षी कर्व्यांनी महिला विद्यापीठ 1916 ला काढलं, आज त्याला आपण एसएनडीटी म्हणतो, त्याला कायद्याची मान्यता मिळाली 1949 च्या कायद्यानं आणि ती लागू व्हायला 1951 उजाडलं. मग मधली 35 वर्षं ते काय होतं? पोरी शिकत होत्या की. 1967 ला सुप्रीम कोर्टानं अझीझ बाशा खटल्यात म्हटलेलं की अलीगढ विद्यापीठ कायद्यानं झालं, म्हणजे मुस्लिम समाजानं ते स्थापन केलं असं म्हणता येत नाही. 2024 च्या नोव्हेंबरात सात न्यायाधीशांच्या बेंचनं, चार विरुद्ध तीन, तो विचार बाजूला ठेवला आणि सांगितलं की कायद्यानं निगम करणं, म्हणजे कायदेशीर व्यक्ती बनवणं, आणि स्थापन करणं या दोन गोष्टी एकच नाहीत. मला हा निकाल मनापासून पटला.

आता वाटणीचं काम, जे बाहेर कुणाला दिसत नाही. विद्यापीठ फोडलं की कायद्यात एक संक्रमणाचा भाग असतो, त्यात लिहावं लागतं की त्या जिल्ह्यातली कॉलेजं अमुक तारखेपासून नव्या विद्यापीठाला जोडलेली समजली जातील, आधी नाव नोंदवलेल्या पोरांची परीक्षा कोण घेणार, मालमत्ता, देणी, चालू कोर्टकेसेस कुणाच्या, कर्मचाऱ्यांचं काय, नवे स्टॅट्यूट, म्हणजे विद्यापीठाचे स्वतःचे नियम, होईपर्यंत जुने चालतील का. मी एक अशी वाटणी आतून बघितलीय. कपाटं मोजली, लेजर मोजले, लोक मात्र मोजता येत नाहीत, कुणाची बायको या गावात नोकरीला, कुणाची पोरं त्या गावात शाळेत, आणि कुठल्या विद्यापीठात जायचं ते सांगणारा ऑप्शन फॉर्म भरायला पंधरा दिवस. आणि पोरं! थर्ड सेमिस्टरला बॅकलॉग राहिलेला पोरगा दोन्ही ऑफिसांत हेलपाटे घालतो, इथले म्हणतात तिकडं जा, तिकडचे म्हणतात तुमची कॉलेजं आता आमची नाहीत. त्यातल्या एकाची नोकरीची ऑर्डर हुकली मार्क्स कार्ड वेळेत न मिळाल्यानं, हे मला अजून लागतं, कारण संक्रमणाच्या कलमात एक वाक्य जास्त असतं तर ते टळलं असतं. बिलात नाव कुणाचं द्यायचं यावर सभागृहात तास घालवतात आणि या कलमावर कुणी एक प्रश्न विचारत नाही.

शिवाजी विद्यापीठाचं. हे आपल्या लोकांच्या मनात फार खोल आहे आणि का आहे ते मला कळतं, निपाणीहून कोल्हापूर जवळ, बेंगळूरू लांब. पण घटनेचं कलम 245 म्हणतं की राज्याचा कायदा त्या राज्याच्या हद्दीत चालतो. शिवाजी विद्यापीठ 1962 च्या महाराष्ट्राच्या कायद्यानं झालं, आज ते महाराष्ट्राच्या 2016 च्या सार्वजनिक विद्यापीठ कायद्याखाली आहे, त्याच्या कार्यक्षेत्रात कोल्हापूर, सांगली, सातारा. ते बेळगावच्या कॉलेजला अफिलिएशन देऊच शकत नाही, कुलगुरूंची कितीही इच्छा असली तरी. 2005 च्या प्रोफेसर यशपाल खटल्यात सुप्रीम कोर्टानं छत्तीसगढच्या खासगी विद्यापीठांच्या कायद्याची कलमं रद्द केली, तिथं कागदावर शंभराच्या वर विद्यापीठं झालेली, तेव्हाही राज्याबाहेर पसरण्याचा मुद्दा आलाच होता. पोरं मात्र हद्द ओलांडू शकतात आणि रोज ओलांडतात, चंदगडची पोरं बेळगावात बी.कॉम. करतात, इकडची कोल्हापुरात एम.ए. करतात. त्यासाठी मायग्रेशन सर्टिफिकेट आणि एलिजिबिलिटी, ते दोन कागद जपून ठेवायचे एवढंच.

दोन कायद्यांत एक फरक आहे तो आपल्या लोकांनी लक्षात घ्यावा असं वाटतं. महाराष्ट्रात अधिसभा आहे, पदवीधर मत देऊन त्यात आपली माणसं पाठवतात. कर्नाटकात 2000 च्या कायद्यात सिनेट, म्हणजे अशी अधिसभा, ठेवलेलं नाही, सगळा कारभार सिंडिकेट (कार्यकारी मंडळ) आणि ॲकॅडेमिक कौन्सिलकडं. राज्यपाल कुलपती, उच्च शिक्षण मंत्री प्रो-चान्सलर, कुलगुरू शोधसमितीच्या यादीतून सरकारच्या सहमतीनं. म्हणजे बेळगावातल्या पदवीधर मराठी माणसाला स्वतःच्या विद्यापीठात मत द्यायची जागाच नाही. हे मला बरोबर वाटत नाही, आणि ते बदलायचं तर कायद्यातच बदल लागतो.

मराठीचं काय, हे तू विचारलं नाहीस पण विचारणार हे मला माहीत आहे. कॉलेज आपण काढू शकतो, भाषिक अल्पसंख्याक म्हणून घटनेच्या कलम 30 चा हक्क आहे, आणि 2002 च्या टी.एम.ए. पै निकालानं अल्पसंख्याक राज्यागणिक ठरतात हे सांगितलं, म्हणजे कर्नाटकात मराठी अल्पसंख्याकच. पण डिग्री विद्यापीठाची, त्यामुळं अफिलिएशन लागतंच, एलआयसी येतेच, म्हणजे लोकल इन्क्वायरी कमिटी, लायब्ररीतली पुस्तकं मोजणारी. माध्यमाबद्दल एक खटला आपल्या प्रत्येकाला माहीत असायला हवा. अहमदाबादच्या कॉलेजातला श्रीकांत मुधोळकर, एसएससी मराठीतून पास झालेला, मातृभाषा मराठी. गुजरात विद्यापीठानं गुजराती हेच माध्यम सक्तीचं करायला घेतलं तेव्हा त्याला इंग्रजीच्या वर्गात बसू देईनात. वडील कोर्टात गेले आणि प्रकरण सुप्रीम कोर्टापर्यंत पोचलं, 1963 च्या रिपोर्टात तो निकाल आहे. कोर्टानं त्या 1949 च्या विद्यापीठ कायद्याची कलमं एकेक करून वाचली आणि सांगितलं की एकच माध्यम लादायचा अधिकार या कायद्यानं विद्यापीठाला दिलेलाच नाही. कायद्यात काय लिहिलंय आणि काय लिहिलेलं नाही यावर एका मराठी पोराचं कॉलेज टिकलं.

म्हणून माझं सांगणं एकच राहिलंय इतकी वर्षं. आपण मागण्या करतो विद्यापीठ होऊन गेल्यावर, कुलगुरूंच्या केबिनबाहेर निवेदन घेऊन, फोटो काढून. तेव्हा कुलगुरूंच्या हातात फार नसतं. मागायची वेळ असते बिल सभागृहात असताना. दर हिवाळ्यात बेळगावजवळ हलग्याला सुवर्णसौधात कर्नाटक विधिमंडळाचं अधिवेशन भरतं, आमदार आपल्या दारात येऊन बसतात, आपण त्या वेळी सीमाप्रश्नावर बोलतो आणि बोललंच पाहिजे, पण विद्यापीठाच्या दुरुस्ती बिलावर आपल्या बाजूनं एक लेखी सूचना गेलेली मी बघितली नाही. मराठीचा अभ्यासक्रम ठरवणाऱ्या बोर्ड ऑफ स्टडीजमध्ये सीमाभागातले शिक्षक हवेत, प्रश्नपत्रिकांची भाषा कुठल्या नियमानं ठरणार, मराठी विभागातल्या जागा वाटणीत कुणाकडं जाणार, ही वाक्यं त्या वेळी घालून घ्यायची असतात. राणी चन्नम्मा विद्यापीठात मराठी विभाग आहे, तो टिकायचा तर पोरांनी ॲडमिशन पण घेतली पाहिजे हेही तितकंच खरं.

आणि कायद्यानं होतं ते कायद्यानं मिटतंही, त्या 32 व्या नोंदीत गुंडाळणं हा शब्द उगाच नाही. 2025 च्या सुरुवातीला कर्नाटकच्या मंत्रिमंडळ उपसमितीत, त्या सातांच्या थोडं आधी निघालेली धरून, नव्या विद्यापीठांपैकी नऊ बंद करायची चर्चा झाली, पैसा नाही म्हणून, त्यात बागलकोटचंही नाव होतं. बागलकोट जिल्ह्यातल्या जमखंडीच्या पोरांनी घाबरून फोन केले मला. त्यांना सांगितलं तेच इथं सांगतो, समितीनं म्हटलं म्हणून विद्यापीठ बंद होत नाही, त्यालाही बिल लागतं, आणि दिलेली डिग्री कुणी काढून घेऊ शकत नाही. पण मला राग याचा येतो की खर्चाचं टिपण बिलाबरोबर असतं ना, मग पैसे कुठून येणार हे तेव्हाच कुणी का विचारलं नाही?

कायदा वाचायचा असेल तर राज्याच्या संसदीय कार्य आणि विधिनिर्माण खात्याच्या वेबसाइटवर सगळे मिळतात, कन्नडमध्ये आणि इंग्रजीत. ज्यांना कन्नड नीट वाचता येत नाही त्यांनी लाजायचं कारण नाही, घटनेच्या कलम 348 प्रमाणं राज्यपालांच्या अधिकारानं छापलेला इंग्रजी मजकूर अधिकृतच धरला जातो. आधी कारणांचं पान वाच, मग जिल्ह्यांची यादी, मग संक्रमणाची कलमं.

आणि तुझं कामाचं. बाबांचं डुप्लिकेट मार्क्स कार्ड काढायचं म्हणतोस ते भुतरामनहट्टीला मिळणार नाही, ज्यानं डिग्री दिली त्याच्याच लेजरमध्ये नोंद, धारवाडला अर्ज कर, पासिंगचं वर्ष, सीट नंबर आणि कॉलेजचं नाव लिहून. सीट नंबर सापडत नसेल तर आधी कॉलेजात जाऊन जुन्या ॲडमिशन रजिस्टरचा उतारा घे, तो जोडलास की काम लवकर होतं. आजोबांचं हवं असेल तर मुंबई.